उशाचा दिवा: काय बघून घ्यायचा, काय दुकानातच ठेवून यायचं

घर लावताना उशाचा दिवा सगळ्यात शेवटी आठवतो. तोवर वायरिंग भिंतीत गेलेलं असतं, सुताराने बेडची पाठ ठोकलेली असते आणि मग दुकानात जो छान दिसेल तो दिवा उचलून आणला जातो. महिन्याभरात त्रास सुरू होतो. वाचताना बल्ब थेट डोळ्यांत येतो, झोपल्या झोपल्या स्विचला हात पोचत नाही, आणि एकाने दिवा लावला की शेजारच्याची झोप मोडते. यातला एकही दोष दिव्याच्या दिसण्यामुळे येत नाही, म्हणून इथे दिव्यांची पारख आधी उंची, बल्ब आणि स्विच यांवर केली आहे. रूप त्यानंतर.

खोली धरली आहे ती मुंबई-ठाणे-पुण्याच्या फ्लॅटमधली नेहमीची, १० बाय ११ फुटांची. डोक्याकडची भिंत १० फुटांची असेल आणि तिथे ६ बाय साडेसहा फुटी बेड ठेवला, तर दोन्ही बाजूंना मिळून ४ फूट उरतात. त्यात एका अंगाला २ फूट खोल कपाट आलं की प्रत्येक बाजूला जेमतेम एक फूट मिळतो. हा एक फूट लक्षात ठेवा, पुढचे बरेचसे निर्णय त्यावरच होतात.

आधी बल्ब

दिवा दोन हजारांचा आणि बल्ब घरात पडलेला, हा प्रकार फार दिसतो. खरं तर रात्री डोळ्यांना जे काही जाणवतं ते बल्बमुळेच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. आपल्याकडे छताचा दिवा बहुधा ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर पांढरा असतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूला दिवस-रात्रीची खूण त्यांच्याकडून जाते. रात्री तोच प्रकाश मिळत राहिला की झोप आणणारं मेलॅटोनिन उशिरा वाढतं. उशाशी म्हणून २७०० केल्विनचाच बल्ब लावा. खोक्यावर नुसतं ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं पुरेसं नाही, त्या नावाखाली ३००० केल्विनचाही असतो. तो चालतो, पण २७०० शांत वाटतो. ४००० केल्विनचा बल्ब स्वयंपाकघरात शोभतो, उशाशी नाही.

वॅट किती? कपड्याच्या शेडच्या दिव्याला ५ वॅटचा एलईडी, म्हणजे साधारण ४०० ते ४५० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप), भरपूर होतो. ९ वॅटचा लावला तर शेडच्या वरच्या तोंडातून छतावर पांढरा डाग पडतो आणि सगळी खोली उजळते, मग उशाच्या दिव्याचा उपयोगच राहत नाही. वाचण्यासाठी प्रकाश पुस्तकावर नेमका पडत असेल तर ४ वॅटही पुरतात. घरात साठीच्या पुढचं कोणी वाचणारं असेल तर मात्र हिशोब बदलतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली तितकी मोठी होत नाही, आणि त्याच अक्षरांसाठी कितीतरी जास्त प्रकाश लागतो. आई-वडिलांच्या खोलीत ७ वॅटचा घ्या, पण खाली रोखणाऱ्या शेडमध्ये.

खोक्यावर आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा. तो ८० च्या वर हवा आणि ९० मिळाला तर उत्तम. कमी असेल तर चादरीचा लाल रंग विटकरी दिसतो आणि माणसांचे चेहरे आजारी वाटतात. दुसरी, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, आयएस १६१०२ हा क्रमांक आणि ‘आर’पासून सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक. ते नसलेले बल्ब स्वस्त मिळतात, पण आतल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, काटकसर केलेली असते आणि त्यामुळे प्रकाश सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना हे थेट दिसत नाही, पण अर्धा तास वाचल्यावर डोकं जड होतं. तपासायला सोपं आहे. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर टाकून बल्बकडे धरा. प्रकाश जोरात उघडझाप करताना दिसला किंवा काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो बल्ब परत द्या.

होल्डरही बघा. आपल्या घरांतले नेहमीचे बल्ब दोन पिनांचे, खटक्याचे, म्हणजे बी-२२. नव्या डिझाइनच्या बहुतेक दिव्यांना मात्र आट्यांचा ई-२७ किंवा बारीक ई-१४ होल्डर येतो. ई-२७ चे बल्ब आता सगळीकडे मिळतात. ई-१४ चा २७०० केल्विनमधला चांगला बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही, तेव्हा दिवा घेताना दोन बल्ब जास्तीचे घेऊन ठेवा.

कपड्याच्या शेडचा टेबल लॅम्प

जागा असेल तर याच्याइतका मऊ प्रकाश दुसरा कोणताही दिवा देत नाही. पण हाच प्रकार सगळ्यात जास्त चुकीच्या मापाचा घेतला जातो. नियम एकच आहे. उशीला पाठ टेकून बसल्यावर शेडची खालची कड हनुवटीच्या रेषेत यायला हवी. त्याहून वर गेली तर बल्ब डोळ्यांत येतो, फार खाली आली तर प्रकाश फक्त टेबलावर सांडतो आणि पुस्तक अंधारात राहतं.

टेपने असं मोजा. स्टोरेजचा बेड गादीसकट साधारण २० ते २२ इंच उंच असतो. गादीपासून हनुवटी, टेकून बसल्यावर, बहुतेकांची २० इंचांच्या आसपास येते. म्हणजे जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर शेडची खालची कड. साइड टेबल २० इंचांचं असेल तर दिव्याच्या बुडापासून शेडच्या कडेपर्यंत २० इंच हवेत. दुकानातले बरेचसे ‘बेडसाइड लॅम्प’ शेडसकट १४ ते १६ इंचांचे असतात. ते शो-केसमध्ये गोड दिसतात, बेडशेजारी मात्र बुटके पडतात. असा एखादा दिवा मनातच भरला असेल तर टेबल गादीपेक्षा बरंच उंच घ्यावं लागेल, आणि मग पाण्याच्या भांड्यासाठी आडवं होऊन हात वर करावा लागतो. त्यापेक्षा उंच दिवा आणि गादीच्या बरोबरीचं टेबल, हीच जोडी बरी.

शेड हातात घेऊन बघा. कापडाच्या आतून पांढऱ्या प्लॅस्टिकचं अस्तर असतं. ते हलकं असेल तर वर्ष-दोन वर्षांत पिवळं पडतं आणि कडेला उकलतं. बोटाने कड दाबून बघा, कापड अस्तरापासून सुटत असेल तर घेऊ नका. तारेचा सांगाडा गंजरोधक रंगाचा हवा, नाहीतर दमट हवेत पहिल्याच पावसाळ्यात कापडावर तांबूस रेघा उमटतात. शेड होल्डरच्या गळ्यातल्या रिंगने आवळलेली असते. ही रिंग पातळ प्लॅस्टिकची असली की आटे घसरतात आणि शेड कायमची तिरकी राहते.

रंग पांढरा, मोतिया किंवा फिका खाकी घ्या. हल्ली खणाच्या कापडाच्या शेड सगळीकडे दिसतात आणि त्या खरोखर देखण्या आहेत, विशेषतः गर्द निळ्या आणि मोरपंखी रंगांत. पण खणाची वीण दाट, वरून रंग गडद, त्यामुळे प्रकाश बाजूंनी जवळजवळ येतच नाही, फक्त वर आणि खाली दोन वर्तुळं पडतात. वाचायला हा दिवा कमी पडतो. खण आवडत असेल तर तो खोलीतल्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा, किंवा पांढऱ्या शेडला फक्त तीन इंचांची खणाची पट्टी लावून घ्या. काठाची नक्षी उजेडात उठून दिसते आणि प्रकाशही अडत नाही.

आता वायर. धातूच्या बुडाच्या दिव्याला तीन पिनांचा प्लग हवा, कारण आतली वायर कुठे सोलली गेली तर सगळ्या बुडात करंट उतरतो आणि अर्थिंगच आपल्याला वाचवतं. दोन पिनांचाच असेल तर लेबलवर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण शोधा. पितळी बूड, दोन पिनांचा प्लग आणि खूण नाही, असा दिवा कितीही सुंदर असला तरी दुकानातच ठेवून या. लाकडी किंवा सिरॅमिकच्या बुडाला ही अडचण कमी.

आणि स्विच कुठे आहे ते बघाच. बऱ्याच दिव्यांत वायरमधला स्विच प्लगजवळ दिलेला असतो, तो नेमका बेडच्या मागे जाऊन पडतो. तो दिव्याच्या बुडापासून एक-दीड फुटाच्या आत हवा. इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत तो पुढे सरकवून देतो, पण हे दिवा घरी आणल्या दिवशीच करून घ्या. बोट लावलं की लागणारे ‘टच लॅम्प’ जिथे व्होल्टेज वरखाली होतं तिथे घेऊ नयेत, विजेच्या झटक्याने ते मध्यरात्री आपोआप लागतात.

भिंतीवरचा, हात वळणारा दिवा

एक फुटाच्या जागेला हाच आमचा पहिला कौल. टेबल पूर्ण मोकळं राहतं, चष्मा, मोबाइल, तांब्या-भांडं सगळं मावतं. हात वळवून प्रकाश पुस्तकावर रोखता येतो आणि शेजारच्याच्या डोळ्यांवर जात नाही. मच्छरदाणी लावणाऱ्या घरांतही हा सोयीचा, कारण जाळीच्या बाहेरून प्रकाश आत रोखता येतो. मच्छरदाणीच्या आत टेबल लॅम्प ओढून घेणं टाळा.

उंची इथे थोडी जास्त, दिव्याचं तोंड जमिनीपासून ४२ ते ४८ इंचांवर. आडवं अंतर उशीच्या मध्यापासून नाही, गादीच्या कडेपासून ४ ते ६ इंच बाहेर, म्हणजे उठताना डोकं आपटत नाही. हाताची लांबी १२ इंचांहून कमी असेल तर तो नावालाच वळतो. सांधे दुकानात दहा वेळा हलवून बघा. स्प्रिंगचा किंवा स्क्रूने आवळता येणारा सांधा टिकतो. नुसत्या घर्षणावर उभा राहणारा सहा महिन्यांत मान टाकतो.

बसवताना तीन चुका होतात. पहिली म्हणजे स्विचबोर्डच्या बरोबर वर ड्रिल मारणं. भिंतीतले पाइप बोर्डपासून सरळ वर जातात, त्या रेषेपासून निदान ४ इंच बाजूला राहा आणि आधी मेन बंद करा. दुसरी, सिपोरेक्सच्या हलक्या विटांत साधी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकणं. ती वीट भुसभुशीत असते, गिट्टी फिरत राहते आणि वळता दिवा महिन्याभरात ढिला होतो. तिथे सिपोरेक्ससाठी मिळणारी, आट्यांची वेगळी गिट्टीच वापरावी. तिसरी, दिव्याचा स्विच फक्त दाराजवळच्या बोर्डवर ठेवणं. दिव्याच्या अंगावरच स्विच असलेला प्रकार घ्या, आणि नवं वायरिंग होत असेल तर छताच्या दिव्यालाही दारापाशी आणि उशाशी असा टू-वे स्विच मागा. उशाशी प्रत्येक बाजूला ६ अँपिअरचे तीन सॉकेट लागतात. दिवा, मोबाइल आणि डासांचं मशीन यांत तीनही संपतात. दोन ठेवले की तिथे मल्टिप्लग लोंबायला लागतो.

छताला लोंबणारे, पट्ट्या आणि बाकीचे

साइड टेबलावर लोंबणारे छोटे दिवे फोटोत फार छान दिसतात. वापरात दोन अडचणी येतात. पंखा सुरू असला की ते हलतात आणि सावल्या भिंतीवर डोलत राहतात, आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने पंखा सुरूच असतो. दुसरं, उघड्या तोंडाच्या काचेत बल्ब झोपलेल्या माणसाला खालून सरळ दिसतो. घ्यायचाच असेल तर दुधी काचेचा बंद गोळा घ्या आणि त्यात ३-४ वॅटच लावा. बंद काचेत जास्त वॅटच्या एलईडीची उष्णता बाहेर पडत नाही, ड्रायव्हर तापतो आणि बल्ब लवकर जातो.

बेडच्या पाठीमागून एलईडी पट्टी हा प्रकार वातावरणासाठी उत्तम, वाचनासाठी शून्य. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, वर दुधी झाकण लावूनच बसवा. नुसती चिकटवलेली पट्टी दमट हवेत गोंद सोडते, आणि चकचकीत लॅमिनेटवर तिच्या ठिपक्यांची रांग उमटते. मीटरला ४.८ वॅटची पट्टी पुरे. ६ फुटांच्या पाठीला ९ वॅट होतात, त्यासाठी १२ व्होल्टचा १ अँपिअरचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर नेहमी थोडा वरचढ असावा, काठोकाठ चालवला की तापतो. खरी गफलत इथे होते की सुतार हा ड्रायव्हर पाठीच्या आत ठोकून बंद करून टाकतो. पट्टी वर्षानुवर्षं चालते, आधी जातो तो ड्रायव्हर, आणि मग पाठ उचकटावी लागते. काम सुरू व्हायच्या आधीच सांगा की ड्रायव्हर हाताने काढता येईल अशा ठिकाणी, बेडखाली किंवा साइड टेबलाच्या मागे हवा.

चार्जिंगचे बिनवायरचे दिवे भाड्याच्या घरात खूप सोयीचे, भिंतीला भोक नको. पण ‘२० तास चालतो’ हे सगळ्यात मंद उजेडाचं गणित असतं. आत बहुधा २००० एमएएच, ३.७ व्होल्टचा सेल असतो, म्हणजे ७.४ वॅट-तास. वाचायला २ वॅट लागले तर पावणेचार तासही पूर्ण मिळत नाहीत. रोज अर्धा तास वाचणाऱ्याला आठवड्यातून एकदा चार्ज करावा लागेल, आणि ते ठीक आहे. सी-टाइपचं चार्जिंग आणि बदलता येणारा सेल बघून घ्या.

मिठाच्या दगडाचे गुलाबी दिवे मुंबईत आणि कोकणात घेऊच नयेत असं स्पष्ट सांगतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. दिव्याच्या बुडाशी आधी ओल येते, मग टेबलावर खारट पाण्याचं थारोळं साचतं, लाकडाचं पॉलिश फुगतं आणि होल्डरचे पितळी संपर्क हिरवे पडतात. आतला १५ वॅटचा पिवळा बल्ब सतत पेटता ठेवला तर त्याच्या उबेने दगड कोरडा राहतो. वीज वाचवायला एलईडी लावला की ती ऊबही जाते. विजेच्या दिव्याशेजारी खारं पाणी ही हौसेपलीकडची जोखीम आहे.

बांबूचे दिवे मात्र जरूर बघा. प्रकाश जाळीतून भिंतीवर सुंदर पडतो आणि किंमत आवाक्यात असते. घेताना पांढऱ्या कागदावर दिवा आपटून बघा. पिठासारखी बारीक भुकटी पडली तर आत भुंगा लागलेला आहे, आणि तो पुढे बेडच्या प्लायपर्यंत जाऊ शकतो. बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात मुरवलेला बांबू आहे का, हे विक्रेत्याला विचारा. जाणकार विक्रेता लगेच सांगतो.

स्मार्ट बल्बने रंग आणि उजेड दोन्ही कमी-जास्त करता येतात, म्हणून बेडरूममध्ये तो खरोखर उपयोगी आहे. मात्र भिंतीवरचा स्विच कायम चालू ठेवावा लागतो, आणि वीज जाऊन परत आली की बरेचसे बल्ब पूर्ण प्रखरतेने लागतात. पहाटे तीनला वीज आली तर सगळं घर उठतं. अ‍ॅपमध्ये ‘वीज आल्यावर बंदच राहा’ असं ठरवता येतं का, ते विकत घेण्याआधी तपासा. साध्या एलईडीला रेग्युलेटर लावून उजेड कमी करायला जाऊ नका, बल्बवर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर तो फडफडतो.

कुठे घ्यावा

मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात तापकीर गल्ली, दोन्हीकडे निवड प्रचंड आणि भाव बोलण्यावर. लोहार चाळीत रविवार टाळून जा. दोन्हीकडे एकच काळजी घ्यायची, दुकानात दिवा दाखवताना लावलेला बल्ब बहुधा पांढराशुभ्र असतो आणि वर पन्नास दिवे पेटलेले असतात. त्यात कुठल्याच दिव्याचा खरा उजेड कळत नाही. घरून २७०० केल्विनचा बल्ब घेऊन जा, ‘हा लावून दाखवा’ म्हणा आणि शेडच्या खालून, झोपल्यावर डोळे जिथे येतील तिथून बघा. सोबत टेप असू द्या. नवी मुंबईत तुर्भ्याच्या आयकियात उलट फायदा आहे. तिथे मांडलेल्या बेडरूममध्ये दिवा बेडशेजारी कसा दिसतो ते समजतं. पण दिव्यांसोबत बल्ब बहुधा येत नाही, किमतीत तो धरून चाला.

बसवल्यानंतर एक तक्रार हमखास येते. स्विच बंद केला तरी एलईडी अंधारात मिणमिणत राहतो. पूर्वीचा ‘झिरोचा बल्ब’ नावाला झिरो असून १२-१५ वॅट खायचा, त्याला असला बारीक करंट दिसतच नसे. एलईडीला तेवढाही पुरतो. कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. स्विचमध्ये लाल इंडिकेटर असेल तर त्यातून थोडा प्रवाह जातो, साधा स्विच बसवला की थांबतं. नाहीतर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला असतो. हे धोक्याचंही आहे, कारण बंद दिव्याच्या होल्डरमध्ये करंट राहतो. इलेक्ट्रिशियन जायच्या आधी खोलीत अंधार करून दिवा बंद करा, एक मिनिट थांबून बघा आणि टेस्टरने होल्डर तपासून घ्या.